टाकीवरचा पोचा दर पावसाळ्यात परत का उगवतो

माझ्या १९९४ च्या यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलच्या पेट्रोल टाकीवर उजव्या अंगाला, गुडघा टेकतो त्याच्या जरा पुढे, तळहाताएवढा पोचा होता. जूनमधल्या एका सकाळी गोव्यातल्या डिचोलीच्या घरी अंगणातल्या शेवाळलेल्या चिऱ्यांवरून गाडी घसरली, हँडल पूर्ण वळलं आणि त्यावरचं स्विचचं डबडं टाकीत घुसलं. पुढच्या तीन वर्षांत तो पोचा मी तीनदा भरून घेतला. तिन्ही वेळा चवथीच्या आधी गाडी झळझळीत होऊन घरी आली. तिन्ही वेळा पुढच्या पावसात त्याच जागी आधी तांदळाएवढे फोड आले, मग केसासारखा तडा गेला, मग नखाने उचकटेल असा पुट्टीचा पापुद्रा सुटला आणि खाली तपकिरी गंज दिसला. चौथ्या वेळी काम वेगळ्या तऱ्हेने केलं. त्याला आता चार पावसाळे झाले आणि ती जागा बोटांनी चाचपूनही सापडत नाही.

फोंडा, म्हापसा, पेडणे, साखळी, कुठेही दुचाकीवाल्यांशी बोला, हीच तक्रार ऐकू येते: पोचा काढला होता, परत आला. पण नीट ओढून काढलेला पत्रा आपोआप आत जात नाही. परत येतो तो गंज. आणि तो येतो कारण पत्रा बाहेर काढलेलाच नसतो, खड्डा फक्त बुजवलेला असतो, आणि तोही ऐन ओल्या दिवसांत.

आपल्याकडे गाडी रंगवायची वेळच चुकते. चवथ भाद्रपदात, म्हणजे भर पावसाळ्यात. घर रंगवून झालं की गाडीही नवी दिसायला हवी, म्हणून गणपतीच्या आधीच्या पंधरा दिवसांत प्रत्येक रंगाऱ्याकडे टाक्यांची रांग लागते. ऊन नाही, हवेत ओल इतकी की दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, आणि गिऱ्हाईक रोज फोन करतं. त्या घाईत रंगारी जे करतो ते त्याच्या जागी कोणीही करेल. दोष त्याच्या हाताचा कमी आणि आपल्या कॅलेंडरचा जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आत नेमकं काय होतं ते आधी समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. डेंटिंगची दोन भागांची पुट्टी, जिला जुने रंगारी लांबी म्हणतात, ती पॉलिएस्टर राळेत शंखजिऱ्याची भुकटी घालून केलेली असते. अशी पुट्टी पाणी धरून ठेवते. पुट्टी सुकली की रंगारी तिच्यावर पाणी मारत पॉलिश पेपर घासतो, कारण ओल्याने धूळ उडत नाही आणि पेपर लवकर भरत नाही. ते पाणी पुट्टीत शिरतं आणि खाली उघड्या पत्र्यापर्यंत पोचतं. वरून प्रायमर, रंग आणि लॅकरचं झाकण बसतं. पाणी आत, हवा आत, लोखंड आत. गंज तयार झाला की त्याचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त होतं, म्हणून तो वरच्या थराला खालून ढकलतो आणि फोड येतो. फोड फुटला की पावसाचं पाणी थेट आत जातं, आणि मग महिन्याभरात पापुद्रा हातात येतो.

दुसरं कारण जाडी. पुट्टी दोन, फार तर तीन मिलिमीटर जाडीची असावी. माझ्या टाकीवरून तिसऱ्यांदा सुटलेला तुकडा मी मोजला, मधोमध सात मिलिमीटर भरला. टाकीचा पत्रा स्वतः मिलिमीटरभर जाडीचा. तो इंजिनाच्या आणि उन्हाच्या तापाने फुगतो, गार झाला की आकसतो, खाली इंजिन सतत थरथरत असतं. पातळ थर पत्र्याबरोबर हलतो. सात मिलिमीटरचा दगड हलत नाही, तो कडेने सुटतो.

तिसरं कारण क्वचित आढळतं, पण असलं तर बाकी सगळी मेहनत वाया. पोच्याच्या घडीत सुईच्या टोकाएवढं भोक पडलेलं असतं आणि त्यातून पेट्रोल झिरपून रंगाला आतून उचलतं.

हात लावण्याआधीची तपासणी

फ्रिजच्या दारावर लावतात तसलं चपटं, अशक्त लोहचुंबक घ्या, पातळ फडक्यात गुंडाळा आणि टाकीवरून सावकाश फिरवा. जिथे ते सैल पडतं किंवा घसरतं तिथे खाली पुट्टी जाड आहे. जुनी गाडी विकत घेतली असेल तर हे आवर्जून करा. एकच पोचा दिसत असतो आणि चुंबक तीन सांगतं. मग खोलीत ट्यूबलाइट लावून तिचं प्रतिबिंब टाकीवर बघा. सरळ रेघ जिथे वाकते तिथे पत्रा वाकलेला आहे. पोच्याच्या भोवती एक उंच कडा असते, ती या प्रतिबिंबातच पहिल्यांदा दिसते. तिच्यावर खडूने खूण करा, पुढे तिचंच मोठं काम आहे.

रंग शाबूत आहे आणि खड्डा उथळ, गुळगुळीत आहे, जसा माडावरून पडलेल्या नारळाने होतो, तर नशीब चांगलं. असा पोचा रंग न उखडता निघू शकतो. घडी पडली असेल, म्हणजे खड्ड्याच्या तळाशी धारदार रेघ असेल आणि तिथे रंग तडकला असेल, तर रंग काढावाच लागेल. पोचा टाकीच्या खालच्या जोडावर किंवा चेसीला बसवायच्या कानाजवळ असेल, किंवा एकाहून जास्त जागी पेट्रोल झिरपत असेल, तर मी दुरुस्तीचा नाद सोडून दुसरी टाकी शोधेन. जोड एकदा उघडला की त्याचा भरवसा कायमचा जातो.

गळती बघायला पाणी भरून काही कळत नाही. पाण्याचा पृष्ठताण पेट्रोलच्या तिप्पट असतो. पाणी ज्या भोकापाशी थबकतं त्यातून पेट्रोल आरामात बाहेर येतं. आमच्याकडच्या जुन्या डेंटरांची रीत अशी: टाकी रिकामी करून धुवायची, संशयाच्या जागेवर बाहेरून खडूची पूड पाण्यात कालवून लावायची, ती पांढरी वाळू द्यायची आणि आत थोडं रॉकेल घालून ती बाजू खाली करून रात्रभर ठेवायची. सकाळी पांढऱ्यावर तेलकट ठिपका उमटला असेल तर तिथे भोक आहे. अजून पुट्टी तशीच असेल तर ही चाचणी फसते, म्हणून ती पत्रा उघडा केल्यावर करा.

पेट्रोलची वाफ

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. पोचा राहिला तरी गाडी चालते. हे चुकलं तर माणूस राहत नाही.

पेट्रोल उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपासही पेट घेईल इतकी वाफ सोडतं. हवेत ही वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीने भडका होतो. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की ती सहसा या पट्ट्याच्या वर असते. रिकाम्या केलेल्या टाकीत ती नेमकी पट्ट्यात येते. हिशेब करून बघा: दहा लिटरच्या टाकीत दीड-दोन मिलिलिटर पेट्रोल कोपऱ्यात राहिलं तरी त्याची वाफ पूर्ण टाकीचा स्फोट करायला पुरते. टाकी उलटी करून निथळली म्हणजे झालं, असं समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत वाहते. आपल्या घरांत पडवीतून मागच्या अंगणात टाकी काढली की पाच-सहा पावलांवर न्हाणी असते आणि तिथे भाणाखाली, म्हणजे पाणी तापवायच्या हंड्याखाली, विस्तव असतो. संध्याकाळी तुळशीपुढे दिवा असतो. मी टाकी उतरवतो ती सकाळी, भाणाखालचा विस्तव पूर्ण विझल्यावर, घरापासून लांब, वारा घराकडून बाहेर वाहत असेल त्या जागी. बॅटरीची तार आधी सोडतो. पेट्रोल झाकण असलेल्या धातूच्या डब्यात काढतो, पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं आणि बहुतेक मोटारसायकली इंजेक्शनच्या झाल्या. त्यांच्या टाकीत खाली पंप बसवलेला असतो आणि नळीत दाब असतो. बॅटरीची तार सोडण्याआधी पंपाचा प्लग काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग तार आणि नळी सोडा. पंपाचा रबरी वॉशर परत बसवताना नवा लागतो, तो आधीच आणून ठेवा. जुन्या गाड्यांत कॉक आणि फ्लोट काढले की झालं.

मग धुणं. गरम पाणी आणि कपडे धुण्याची पावडर, खळखळून हलवायचं, ओतायचं, परत. वास पूर्ण जाईपर्यंत हे करायचं, आणि वास गेला तरी आणखी दोनदा. व्हॅक्यूम क्लीनरने वाफ ओढायची कल्पना कोणी सुचवली तर ऐकू नका, त्याच्या मोटारीत ठिणगी असते. सायलेन्सरचा धूर टाकीत सोडून ती सुरक्षित करायची पद्धतही ऐकायला मिळते. त्या धुरात किती प्राणवायू उरला आहे हे कोणी मोजत नाही, म्हणून मला ती मान्य नाही.

ज्यांच्याकडून माझं चौथं काम झालं ते म्हापशाजवळचे वयस्क डेंटर, मी त्यांना मामा म्हणतो. टाकी धुऊन नेली तरी त्यांनी ती हातात घेऊन आधी नळाखाली धरली. म्हणाले, “पयलीं उदक, मागीर उजो.” आधी पाणी, मग विस्तव. गॅसची ज्योत लावायची ती जागा तेवढी वर येईल असं टाकी तिरकी करून त्यांनी आत काठोकाठ पाणी भरलं. आत वाफेला जागाच उरली नाही. कुठल्याही टाकीला डाख, वेल्डिंग किंवा पिन लावणारा माणूस याची तयारी न करता ज्योत पेटवत असेल, तर टाकी उचलून घरी या. घरी स्वतः टाकीला ज्योत लावू नका, हे तर सांगायलाच नको.

ज्यात वेळ घालवू नये

हेअर ड्रायरने तापवून वर बर्फ ठेवायचा प्रयोग मी केला आहे, दोनदा. मोटारीच्या प्लास्टिक बंपरवर किंवा मोठ्या सपाट पत्र्याच्या उथळ पोच्यावर तो कधी लागू पडत असेल. टाकीचा पत्रा दोन बाजूंनी गोलाईत दाबलेला असतो, त्यामुळे ताठ असतो, आणि घडी पडलेला पत्रा ताणून कायमचा लांब झालेला असतो. ताप-गारव्याने तो जाग्यावर येत नाही.

कॉम्प्रेसरची हवा भरून पोचा बाहेर फुगवणं त्याहून वाईट. हवा सगळ्या भिंतींना सारखं ढकलते. आधी फुगतात त्या टाकीच्या सपाट जागा आणि चेसीवर बसणारा खालचा पोकळ बोगदा, पोचा सर्वांत शेवटी. मग टाकी चेसीवर बसत नाही आणि जोड उघडतो. पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवण्याचंही तेच. बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्के वाढतं, आणि ती वाढ पोच्याला शोधत जात नाही.

पत्रा बाहेर काढणं

मामांनी शिकवलेली गोष्ट ही की पोचा ज्या क्रमाने झाला त्याच्या उलट क्रमाने काढायचा. आघाताने आधी मध्य आत गेला आणि शेवटी कडा वर आली. ती कडा कमानीसारखी खड्ड्याला आत अडकवून ठेवते. नुसतं मधून ओढत राहिलं तर मध्ये उंचवटा येतो आणि भोवती खंदक राहतो. म्हणून मधून हलका ताण द्यायचा आणि त्याच वेळी कडेवर लाकडी मोगरीने हलके टोले मारत फिरायचं. कडा उतरली की खड्डा बराचसा स्वतःच वर येतो. हे बघताना मला तीन वर्षांचा हिशेब कळला. आधीच्या तिन्ही वेळी कोणी कडेला हातच लावला नव्हता.

रंग वाचवायचा असेल तर गोंदाने ओढायचं किट मिळतं. गरम गोंदाने प्लास्टिकची चकती चिकटवायची आणि पुलाच्या आकाराच्या ओढणीने ती वर खेचायची. जागा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, गोंद सोडवायलाही तेच वापरायचं. उथळ, गोल पोच्याला हे छान चालतं. पण टाकी आधी एकदा जरी बाहेर रंगवलेली असेल तर गोंदाबरोबर रंगाचा तुकडा येण्याची भीती खरी आहे. कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग सहसा तग धरतो.

झाकणाच्या भोकातून वाकवलेल्या सळ्या घालून आतून ढकलणं हे कुशल हाताचं काम आहे. टाकीला आत बोगदा असतो, झाकणाच्या खाली गळा असतो, त्यामुळे सळी सगळीकडे पोचत नाही. वरच्या भागातले आणि झाकणाजवळचे पोचे याने निघतात. सळीचं टोक गोल आणि गुळगुळीत हवं, टाकी वाळूच्या पिशवीवर ठेवलेली हवी.

माझ्या पोच्यात घडी होती, म्हणून मामांनी रंग उखडून पत्र्याला तांब्याचा मुलामा दिलेल्या छोट्या पिना वेल्ड केल्या, सरकत्या हातोड्याने एकेक ओढली, मग पिना कापून घासून टाकल्या. वेल्डचा झटका जास्त झाला तर पातळ पत्र्याला भोक पडतं, म्हणून त्यांनी आधी एका भंगार टाकीच्या तुकड्यावर मशीन लावून बघितलं. जो डेंटर ही चाचणी घेतो त्याच्याकडे निर्धास्त काम द्यावं. फार खोल आणि जुन्या, न मिळणाऱ्या टाकीसाठी खालून बोगद्याच्या बाजूने खिडकी कापतात, आतून हातोडा आणि बाहेरून लोखंडी ठोकळा धरून पत्रा सरळ करतात आणि खिडकी परत वेल्ड करतात. साध्या रोजच्या गाडीसाठी एवढं करण्यात अर्थ नाही.

काम कुठे थांबवायचं? तळवा टाकीवरून फिरवून. डोळ्यापेक्षा तळवा खरा. पत्रा आसपासच्या पातळीच्या एक-दीड मिलिमीटर खाली राहिला तर चालेल, पण वर राहता कामा नये. खाली राहिलेलं भरता येतं, वर राहिलेलं घासायला गेलं की पत्राच पातळ होतो.

भरणं

उघडा पत्रा आपल्या हवेत काही तासांत तांबूस होतो. घामाच्या बोटांनी हात लावला तर बोटांचे ठसे गंजतात. मांद्रे, मोरजी, कळंगुट अशा किनाऱ्यालगतच्या गावांत तर खाऱ्या वाऱ्याचा थर प्रत्येक वस्तूवर असतो. ते मीठ पत्र्यावर राहून वर रंग बसला तर ते रंगातून पाणी ओढत राहतं आणि फोड येतात, पुट्टी कितीही चांगली असो. म्हणून रंग उखडण्याच्या आधी गोड्या पाण्याने टाकी धुवा, वाळवा. उखडल्यावर हातमोजे घाला, थिनरने पुसा, आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचा हात मारा. पुट्टी त्या प्रायमरवर, तो वाळून पेपरने खरवडल्यावर लावायची. आम्लाच्या एच प्रायमरवर पुट्टी लावू नका, ती धरत नाही.

मामांनी घडीच्या जागी पुट्टीऐवजी कल्हईसारखं काम केलं. पत्रा चकचकीत घासून, फ्लक्स लावून कथलाचा पातळ हात दिला आणि त्यावर शिसं-कथलाचा डाख लाकडी पट्टीने लोण्यासारखा पसरला. ही जुनी पद्धत आहे. ७० भाग शिसं आणि ३० भाग कथील असा डाख १८३ अंशांना मऊ होऊ लागतो आणि अडीचशेच्या पुढे जाऊन पातळ होतो, मधल्या पट्ट्यात तो कालवता येतो. तो पाणी पीत नाही आणि पत्र्याबरोबर फुगतो-आकसतो, कारण तो स्वतः धातू आहे. फ्लक्स मात्र गरम पाण्याने दोन-तीनदा धुवावा लागतो, राहिला तर त्याचं आम्ल रंग उचलतं. शिसं कोरडं घासायचं नाही, फाईलने तासायचं, तासलेला चुरा कागदावर गोळा करायचा, हात धुतल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत, मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही. असं काम करणारे आता थोडे राहिलेत. तुमच्या भागात कोणी असतील तर जरूर जा.

नसतील तर पुट्टीनेही काम टिकतं, अट एवढीच की ती पातळ असावी आणि कोरडी राहावी. हार्डनर वजनाच्या दोन टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला दोन ग्रॅम. पाऊस आहे, वाळत नाही, म्हणून हार्डनर वाढवण्याची सवय मोडा. जास्तीचा हार्डनर नंतर रंगातून पिवळसर डाग होऊन वर येतो. एका वेळी पाच मिनिटांत संपेल एवढीच कालवा. आणि सर्वांत महत्त्वाचं: पुट्टीवर पाणी-पेपर नाही. ८० नंबर, मग १८०, मग ३२०, सगळं कोरडं, तोंडाला मास्क लावून. बारीक खड्ड्यांसाठी एका भागाची एनसी पुट्टी वापरतात, ती फक्त ओरखड्यापुरती, कारण ती जाड लावली की महिनोन्‌महिने आकसत राहते. पुट्टी घासून झाल्यावर ती रात्रभर उघडी ठेवू नका. त्याच दिवशी वरून परत इपॉक्सी प्रायमर. तो वाळल्यावर ४००-६०० चा पाणी-पेपर खुशाल मारा, तेव्हा पाणी आत जाऊ शकत नाही.

रंगाऱ्याला हे सांगताना मी सरळ विनंती केली: “दादा, पुट्टी लावण्याआधी पत्रा मला दाखवा, आणि पुट्टी कोरडी घासा. वेळ जास्त लागेल, त्याचे पैसे मी देतो.” त्यांना वाईट वाटलं नाही. उलट म्हणाले, असं सांगणारं गिऱ्हाईक भेटत नाही, सगळे फक्त कधी मिळणार ते विचारतात.

रंग आणि ऋतू

पोचा पावसात काढला तरी चालतो, रंग मात्र थांबवा. मी टाकी ऑगस्टमध्ये इपॉक्सी प्रायमरवर आणली आणि चवथीला गाडी तशीच राखाडी टाकीची उभी होती. पाहुण्यांनी विचारलं, सांगितलं. रंग तुळशीच्या लग्नानंतर दिला, हवा कोरडी झाल्यावर. रंग देताना पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश वर असावं, हा औद्योगिक रंगकामातला नियम आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या उघड्या शेडमध्ये तो पाळणं कठीण. थिनर उडताना पृष्ठभाग आणखी गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि लॅकरला पांढरट झाक येते. ती पॉलिशने जाईलच असं नाही.

इपॉक्सीऐवजी साध्या एका भागाच्या प्रायमरवर किंवा रेड ऑक्साइडवर टाकी महिनोन्‌महिने ठेवू नका, त्यातून ओल झिरपते. वरचं लॅकर टू-के, म्हणजे हार्डनर घालायचं, हेच हवं. साधं लॅकर पेट्रोलचा एक थेंब सांडला की सुरकुततं. रंगाची छटा आरसीवर लिहिलेली असते, तीच ठेवा. ज्यांची गाडी पायलटची, म्हणजे भाड्याने माणसं नेणारी आहे, पिवळ्या मडगार्डवाली, त्यांची तर तिच्यावर रोजची भाकरी आहे. त्यांनी जमल्यास एक जुनी टाकी पर्यायी म्हणून बाळगावी, म्हणजे घाई करावी लागत नाही.

आतली बाजू

टाकी खाली आहेच तर झाकण काढून टॉर्चने आत बघा. टॉर्च अर्थातच धुतल्यावर. तळाला तपकिरी पूड असेल तर सायट्रिक आम्ल वापरा, एका लिटर गरम पाण्याला साधारण १०० ग्रॅम, टाकी काठोकाठ भरून रात्रभर. तांब्याची भांडी आमसुलाने उजळतात त्याच जातीचं हे काम आहे, पण आमसूलच टाकीत घालू नका, चोथा कॉकमध्ये अडकेल. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा आणि पेट्रोलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून आत फिरवा, नाहीतर तासाभरात परत तांबूस थर येतो.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉलसकट तळाला वेगळं बसतं. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेत दव धरतं. झाकणाभोवतीच्या खळग्यात पाणी जायला बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजतं आणि पाणी झाकणातून आत शिरतं. झाकणालगत पोचा असेल तर तिथे डबकंच साचतं, म्हणून असा पोचा दिसायला किरकोळ असला तरी आधी काढावा.

पुन्हा पडू नये म्हणून

हँडल पूर्ण वळवल्यावर ते टाकीला लागता कामा नये, मध्ये बोटभर फट हवी. पडल्यावर चेसीवरचा अडसर वाकतो आणि ही फट नाहीशी होते. माझ्या गाडीत तो वाकलाच होता आणि तीन वर्षं कोणाच्या लक्षात आला नाही. आधी तो सरळ करा, मग टाकीला हात घाला. माडाखाली गाडी लावू नका, नारळ काढणारा पाडेली नुकताच येऊन गेला असला तरी. रायबंदर-चोडणसारख्या फेरीवर गर्दीत गाडी गिअरमध्ये ठेवून तिच्यावरच बसून राहा. धक्क्याला लागताना फेरी हिसका देते आणि शेजारच्याचं हँडल तुमच्या टाकीवर येतं.

रंगून आलेली टाकी लगेच भरू नका. लॅकर पुरतं पिकायला आठवडा द्या. मग ती वर्तमानपत्रावर ठेवून दोन लिटर पेट्रोल घाला, दुरुस्त केलेली बाजू खाली येईल अशी तिरकी करा आणि हवेशीर, विस्तवापासून लांबच्या जागी रात्रभर राहू द्या. सकाळी कागद कोरडा असेल आणि टाकीला वास नसेल, तरच ती गाडीवर चढवा.